रुपयाएवढ्या तीन जागा

"मिस्त्री, आत्ता येताना बंद पडली होती हो! आता बघा कशी शहाण्यासारखी चालतेय."

गिऱ्हाईक गाडीतून उतरलं की पहिलं वाक्य हेच असायचं. वर एक ओशाळं हसू. डॉक्टरच्या दारात पोचताच पोराचा ताप उतरावा आणि आईला खोटं पडल्यासारखं व्हावं, तसं. मी म्हणायचो, "बसा. चहा घ्या. आणि बंद कशी पडली ते सांगू नका, चालू कशी झाली ते सांगा."

माझा सगळा धंदा या एका प्रश्नावर चालला. मी गाड्यांचा वायरमन. इंजिन खोलणारे मेकॅनिक वेगळे आणि आम्ही वेगळे. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी माझी पत्र्याची शेड होती. शेजारच्या इंजिनवाल्यांचे हात कोपरापर्यंत काळे, माझे मात्र स्वच्छ, त्यामुळे मी काही काम करतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. "तुझं काय बाबा, एक बल्ब घेऊन फिरायचं," असं म्हणायचे. ते खरंही होतं. बारा व्होल्टचा एक बल्ब, त्याला दोन लांब वायरी, वायरींच्या टोकांना चिमटे. एवढ्या हत्यारावर मी संसार केला.

विजेचे दोष दोन प्रकारचे. एक कायमचा: वायर तुटली, दिवा गेला, बल्ब लावून शोधला की अर्ध्या तासात सापडतो. दुसरा येऊन-जाऊन. त्याला मी 'पाहुणा' म्हणायचो. कधी येईल सांगत नाही, किती राहील सांगत नाही, आणि आपण स्वागताला उभे राहिलो की हमखास येत नाही. जुन्या गाड्यांत, त्यातून आमच्या खाऱ्या हवेत, हे पाहुणे फार. मेकॅनिक लोक त्याला कंटाळून बॅटरी बदल, डायनामो बदल असं करत राहायचे. मला मात्र त्यातच गोडी होती. गाडी दुरुस्त करणारे रत्नागिरीत पुष्कळ होते. बंद न पडलेली गाडी दुरुस्त करणारा मी एकटा होतो, आणि हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही.

देवरूखच्या एका हेडमास्तरांची गाडी घाटात एका ठरावीक वळणावर बंद पडायची. चार ठिकाणी दाखवून झाली होती. माझा नेहमीचा प्रश्न ऐकल्यावर सर अवघडले. मग हळूच म्हणाले, "तिथे राखणदाराचं ठिकाण आहे. नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं की चालू होते." शेजारचे इंजिनवाले फिदीफिदी हसले. मी विचारलं, "गाऱ्हाणं कोण घालतं?" तर त्यांचा थोरला भाऊ. तो हात जोडून उभा राहिला की घरच्यांपासून मुंबईतल्या भाचरांपर्यंत एकेकाचं नाव घेऊन राखणदाराच्या पदरात घालायचा. पाऊण तास सहज. आता, ठिणगीसाठी गाडीत एक कॉइल असते. ती म्हातारी झाली की चढावर तापून आतल्या आत तुटते आणि गार झाली की पुन्हा जुळते. गार व्हायला पाऊण तास पुरतो. मी कॉइल बदलली, गाडी बंद पडायची थांबली. सर मात्र पुढेही त्या वळणावर नारळ ठेवत राहिले, आणि मी कधी नको म्हटलं नाही. इतकी वर्षं त्या नारळानेच त्यांना घरी पोचवलं होतं.

अशा पाहुण्यांतला सगळ्यात चिवट पाहुणा मला मिऱ्याच्या भिकाजी तांडेलाच्या गाडीत भेटला.

तांडेल म्हणजे मच्छीमार बोटीचा प्रमुख. भिकाजी तिशीपासून तांडेल होता. मग एकदा जाळ्याच्या दोरात अडकून त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि समुद्र सुटला. घरी बसणं त्याला जमेना. बोटीतला आपला हिस्सा भावाला देऊन त्याने शहरातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची जुनी मोटार घेतली. गाडीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात गाडीचा काही दोष नव्हता. उरलेल्या दोन बोटांत स्टिअरिंग धरून तो वाडीतली माणसं बाजारात, स्टँडवर, दवाखान्यात पोचवू लागला. गाडीला तो 'गाडी' म्हणायचाच नाही. "माजी होडी लावलीय भायेर," म्हणायचा.

तर ही होडी नखरे करू लागली. कधी चावी फिरवली की नुसतं 'टक्'. कधी हॉर्न बसलेल्या गळ्यासारखा. ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा उडी मारायचा. आणि दुसऱ्या दिवशी सगळं ठीक. लोकांनी बॅटरी बदलून पाहिली, स्टार्टर बदलला, चावीचा स्विच बदलला. प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच.

मला बोलावणं आलं तेव्हा मी सायकलवरून मिऱ्याला गेलो, बॉनेट उचललं, चावी फिरवली आणि गाडी धडधडत चालू झाली. मी काहीही केलं नव्हतं. असं तीनदा झालं. वाडीत बोलबाला झाला की वायरमनच्या हाताला गुण आहे, नुसता हात लावला की चालू होते! इतका अपमान माझा कुणी केला नव्हता. बायको म्हणाली, "आता अंगारा द्यायला लागा, बल्ब कशाला हवाय?"

"चालू कशी होते?" मी भिकाजीला विचारलं.

"कशी म्हंजे? खांदा लावतो नि अशी हालवतो." त्याने गाडीला कडेने खांदा दिला आणि वाळूत रुतलेली होडी डोलवावी तशी ती डोलवून दाखवली. "दोन शिव्या घातल्या का होते चालू."

"पावसात त्रास जास्त?"

"नाय हां मिस्त्री. पावसात एकदा पन बंद पडली नाय."

या उत्तराने मला दोन आठवडे फसवलं. कोकणात विजेचा दोष म्हणजे आधी ओल. पावसात नीट चालते म्हणजे ओल नाही, असा मी हिशेब केला आणि भलतीकडे शोधत बसलो. मग भिकाजीच्या बायकोकडून कळलं की आषाढ लागला की होड्यांबरोबर गाडीही वर ओढली जायची. झावळ्यांच्या मांडवात, चार ओंडक्यांवर. पावसात बंद पडणार कशी? चालतच नव्हती.

तोवर भिकाजीच्या घरातलं वातावरण तापलं होतं. लोक गाडीत बसेनासे झाले होते. एका म्हातारीला दवाखान्यात नेताना गाडी वाटेत अडली आणि तिला हातगाडीवरून न्यावं लागलं, तेव्हापासून तर वाडीचा विश्वासच उडाला. थोरला मुलगा रमेश बोटीवर जायचा. त्याने देवरूखचा एक कंत्राटदार गाठला आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी द्यायचं ठरवून टाकलं. मी ओट्यावर बसलेलो असताना तो बापाला म्हणाला, "बाबा, आता पुरे झाला. गाडी देऊन टाकू. तुमी घरी ऱ्हावा आरामात."

भिकाजी आपल्या अर्ध्या हाताकडे बघत राहिला. मग मुलगा गेल्यावर मला म्हणाला, "मिस्त्री, दर्या गेला तवा मी रडलो नाय. पन आता ओट्यावर बसून येनाऱ्या-जानाऱ्यांची तोंडा बघीत ऱ्हायचा म्हंजे… ता नको रे बाबा."

मला फार वाईट वाटलं. त्याच क्षणी मी ठरवलं की दसऱ्यापर्यंत हा पाहुणा पकडायचा, शेडला कुलूप लागलं तरी चालेल.

पाहुणा पकडायची माझी एक रीत होती. गाडी बंद पडेपर्यंत गाडीत बसायचं. दुसरा उपाय नाही. दोष हजर असतानाच त्याच्यावर बल्ब धरता येतो. मी भिकाजीशेजारी ठाण मांडलं. दोष घालवायचा नाही, फक्त यायची वाट बघायची. बॉनेटची कडी जाम होती आणि उघडताना असा हिसका बसायचा की सगळी गाडी हादरायची. मी कडी काढून टाकली आणि बॉनेट काथ्याच्या सुंभाने हलकेच बांधलं. इंजिनवाल्यांनी ते पाहिलं आणि विचारलं, "वायरिंगला आता सुंभ वापरतोस काय?"

दोन दिवस गाडी घोड्यासारखी पळाली. तिसऱ्या दिवशी भिकाजी सहज बोलून गेला, "सकालचा चोक खेचला का बोट पोळतो कदीकदी."

मी ताठ बसलो. "कधीकधी म्हणजे कधी?"

"ज्या दिवशी नखरे करते ना, त्या दिवशी."

इथे थोडं समजावून सांगतो. घरात विजेला जायला एक वायर आणि यायला दुसरी. मोटारीत जायला वायर असते, पण परत यायला गाडीचं अंगच. इंजिन, बॉडी, सगळं लोखंड मिळून परतीचा रस्ता. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी एक विणलेली जाड पट्टी असते, आणि बॅटरीची एक बाजू तशाच पट्टीने बॉडीला बांधलेली असते. परतीचा हा रस्ता अडला तर वीज मिळेल त्या गल्लीबोळातून परतते. चोक म्हणजे गार इंजिन चालू करताना ओढायची मूठ; तिची बिचारी बारीक तार, स्टार्टरची सगळी वीज तिच्यातून धावली की ती तापणारच. ब्रेक दाबल्यावर पेट्रोलचा काटा उडी का मारतो, तेही याच्यातच आलं.

मी धावत पट्ट्या पाहिल्या. आणि पुन्हा फसलो. इतक्या नेटक्या, इतक्या घट्ट कसलेल्या पट्ट्या मी दुसऱ्या गाडीत पाहिल्या नव्हत्या. गंजाचा ठिपका नाही. सगळं निळंशार, नव्या होडीसारखं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळच्या बाजाराच्या वेळी, आम्ही मिऱ्याच्या बंधाऱ्यावरून निघालो होतो. मागे तीन कोळणी आणि त्यांच्या पाट्या. नेहमीच्या गिऱ्हाइकांतल्या एवढ्याच उरल्या होत्या, त्याही रिक्षा मिळाली नाही म्हणून. रस्त्यात बकऱ्या आल्या, भिकाजीने ब्रेक मारला, इंजिन बंद झालं. त्याने चावी फिरवली.

टक्.

माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. भिकाजी सवयीने दार उघडून खांदा लावायला निघाला, मी त्याचा सदरा धरला. "हलवू नका! कुणी गाडीला हात लावू नका!"

"का रे मेल्या?" मागून आवाज आला. "गाडीला काय देवी आल्या काय?"

"हळू उतरा. दार आपटू नका."

"माजे बांगडे वाट बघनार नायत हां तुजी."

त्या पुटपुटत उतरल्या आणि बंधाऱ्याच्या दगडांवर बसल्या. मी श्वास रोखून सुंभ सोडला, बॉनेट अलगद उचललं. बल्बचा एक चिमटा बॅटरीच्या एका टोकाला, दुसरा बॅटरीच्याच दुसऱ्या टोकाला. लख्ख. दुसरा चिमटा उचलून बॉडीच्या पत्र्याला टेकवला. बल्ब पिवळट झाला. मग इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि भिकाजीला चावी फिरवायला सांगितलं. बल्ब विझला. काळोख. आयुष्यात इतका सुंदर काळोख मी पाहिला नाही.

मी डिकीतून जाड केबल आणली, बॅटरीपासून थेट इंजिनाला जोडली. "मारा चावी." गाडी पहिल्या झटक्यात चालू. कोळणींनी पाट्या उचलल्या. मी गाडी बंद केली.

"आता बंद कशाला केलीन ह्याने?" त्यातली थोरली ओरडली. "येडा झाला काय हा?"

मी पाना घेतला आणि बॅटरीच्या पट्टीचा बोल्ट काढला. पट्टीखालची जागा निळी. चाकूने खरवडलं, तर निळ्याखाली पांढरा, त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा निळा. कांद्यासारखे पापुद्रे. पट्टीच्या खालच्या अंगालाही तेच. पट्टी घट्ट होती, पण लोखंडाला टेकतच नव्हती. वीज जायची ती बोल्टच्या आट्यांतून, जेमतेम. गाडी डोलली किंवा बॉनेटच्या कडीचा हिसका बसला, की पट्टी जराशी जुळायची.

"तांडेल, हे कुणी रंगवलं?"

"मी," तो अभिमानाने म्हणाला. "दर वर्साला नारली पुनवेच्या आधी. होडीला लावतो तोच रंग. वरवर नाय हां मारीत मी. बोल्ट काडायचा, खाली दोन हात द्यायचे, सुकला का परत कसायचा. फटीत रंग नसला का खारा पानी बरोबर तितंच शिरता."

मी खरवडलेला पापुद्रा त्याच्या तळहातावर ठेवला. तेवढ्यावरून तो समजला. तांडेल होता तो, वाऱ्याचा अंदाज घेण्यात हयात गेलेली. खरवडलेल्या रंगाकडे पाहत त्याने हळूच विचारलं, "म्हंजे गाडी मीच मारली?"

"तुम्ही तिला बोटीसारखं जपलंत. पण हिला तीन ठिकाणी उघडं लोखंड लागतं. लोखंडाला लोखंड भेटू द्यायचं, बोल्ट आवळायचा, आणि मग वरून व्हॅसलिन फासायचं. तेवढी जागा सोडून काय वाटेल तो रंग लावा."

"केवडी जागा?"

"रुपयाएवढी."

त्याने खिशातून रुपयाचं नाणं काढलं, त्या जागेवर धरून पाहिलं, आणि मग असा हसला की कोळणीही हसू लागल्या. बंधाऱ्यावरच आम्ही दोघांनी तिन्ही जागा उघड्या केल्या. बॅटरीच्या पट्टीची, इंजिनाच्या पट्टीची आणि पुढच्या दिव्यांची परतीची वायर बॉडीला जोडतात ती. त्या दिवशी बांगडे बाजारात उशिरा पोचले, आणि थोरल्या कोळणीने पुढची सहा वर्षं मला त्यावरून ऐकवलं.

दसऱ्याला कंत्राटदार आला. गाडीला झेंडूची माळ होती. त्याने चावी टेकवली न टेकवली तोच इंजिन लागलं. पुन्हा केलं, पुन्हा लागलं. दिवे लावले, हॉर्न वाजवला, असा खणखणीत की वाडीतली कुत्री उठली. "उत्तम," तो म्हणाला. "मी घेतो." रमेशचा चेहरा उजळला. भिकाजी चावीसाठी हात पुढे करून उभा होता.

"गाडी इकायची नाय," तो म्हणाला.

"बाबा, शब्द दिलाय मी!" रमेश म्हणाला. "आज चालली, उद्या परत अडली तर? मिस्त्री काय, तीनदा चालू करून गेलेत."

टोला मला बसला होता. खरा होता, म्हणून जास्त बसला. मी पुढे झालो आणि सगळ्या वाडीसमोर सांगितलं, "पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत ही गाडी वायरिंगपायी एकदा जरी अडली, तर वायरमनकी सोडीन आणि हिची राखण करायला इथे येऊन राहीन."

रमेशने माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग कंत्राटदाराला बाजूला नेऊन त्याची माफी मागितली. त्या पोराबद्दल माझ्या मनात तेव्हापासून आदर आहे. बापाचं भलं व्हावं एवढंच त्याला हवं होतं, फक्त भलं म्हणजे आराम अशी त्याची समजूत होती.

ते वर्ष मी जीव मुठीत धरून काढलं. मिऱ्याच्या रस्त्याने माणूस येताना दिसला की हातातला बल्ब खाली ठेवून वाट बघायचो. कुणी आलं नाही. नारळी पौर्णिमेला भिकाजी स्वतः आला, गाडी घेऊन. गाडीला नवा निळा रंग. बॉनेट उघडून त्याने दाखवलं: रुपया ठेवून भोवती रंग मारलेल्या तीन गोल जागा, आत चकचकीत लोखंड, वर व्हॅसलिन. त्याने माझ्या हातात नारळ दिला. "दर्यात एक टाकला," म्हणाला, "दुसरा तुजा."

पुढे बरीच वर्षं त्याने गाडी चालवली. शेवटच्या आजारात दवाखान्यातही त्याच गाडीतून गेला, स्वतः चालवत. गाडी वाटेत अडली नाही.

आता गाड्यांत कॉम्प्युटर आला. काय बिघडलं ते गाडीच सांगते म्हणे. सांगते ते ऐकून लोक सुटे भाग बदलतात, आणि पाहुणा असला तर अजूनही बदलतच राहतात. दोष येईपर्यंत गाडीत बसून राहायला कुणाला वेळ नाही, याचं मला वाईट वाटतं.

मध्यंतरी रमेशने नवी बोट बांधली आणि मला मुद्दाम बोलावलं. मोठी, लाकडी, निळीशार. तो आता बापासारखाच दिसतो. केबिनमध्ये नेऊन म्हणाला, "बघा." इंजिनच्या मागच्या फळीवर, रंगात, ओळीने तीन गोल जागा सोडलेल्या होत्या. उघडं लाकूड. वर व्हॅसलिन.

"अरे, हे लाकूड आहे," मी म्हटलं. "इथून वीज जात नाही. इथे कशाला?"

"ता मला काय म्हाईत नाय," रमेश म्हणाला. "बाबा सांगायचे, मिस्त्रीच्या तीन जागा सोडल्या का वाटेत बंद पडत नाय. आता वाडीत समदेच सोडतात."

मी बाहेर येऊन पाहिलं. किनाऱ्यावर बोटी ओळीने लागल्या होत्या. एकेकीत चढलो, केबिनमध्ये डोकावलो. सगळ्यांत होत्या.

बोटी उद्या पाण्यात जायच्या होत्या. रमेशने विचारलं, "बरोबर सोडल्यात ना?" मी खिशातून रुपया काढला, तिन्ही जागांवर धरून पाहिला आणि म्हटलं, "अगदी बरोबर."